दोन कोटींचा कौटुंबिक न्यास: गोव्यात तो पैसा कसा बांधावा आणि कुठे लावावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बार्देशातील तीन भावंडांनी वडिलोपार्जित जमीन विकली आहे. त्यातले सुमारे दोन कोटी रुपये बाजूला ठेवून त्यांना धर्मादाय न्यास काढायचा आहे. मदत तीन प्रकारच्या कामांना करायची आहे: लोकसंख्या व स्त्रियांचे आरोग्य, पर्यावरण, आणि आपल्या भागातली खाजने (खाडीकाठची, बांधाने राखलेली शेते), देवराया, झरी यांचे जतन. एक भाऊ लिस्बनला राहतो, तोही पैसे घालणार आहे. सुरुवात कुठून करावी आणि अर्जदार कसे निवडावेत, असे त्यांनी विचारले आहे.

हेतू मनापासून आवडला, आणि रक्कमही गोव्याच्या मानाने लहान नाही. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या या राज्यात दरवर्षी बारा-चौदा लाख रुपये योग्य जागी पडले, तर एखाद्या तालुक्यात त्याचा फरक नक्की दिसेल. मात्र इथली जतनाची कामे पैशांवाचून जितकी अडतात, त्याहून जास्त दोन गोष्टींवर अडतात. जमीन कोणाच्या नावावर आहे ही एक, आणि पाऊस पडायच्या आत काम आटोपते की नाही ही दुसरी. न्यासपत्र करताना, अर्जाचा नमुना ठरवताना आणि हप्ते पाडताना या दोन गोष्टी नजरेसमोर ठेवा.

आधी पैसा कोणाचा आहे ते पाहा

गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि वारशाने आलेली मिळकतही त्यात येते. म्हणजे जमीन विकून तुमच्या वाट्याला आलेल्या पैशात जोडीदाराचा निम्मा हिस्सा आहे. न्यासाला देणगी देताना प्रत्येक भावंडाबरोबर त्याच्या पतीची किंवा पत्नीची सही घ्या. ‘घरचेच आहेत’ म्हणून ही सही राहून जाते आणि वाद होतो तेव्हा तीच नेमकी लागते.

दुसरी अट वारसांची. गोव्याचा वारसाहक्कावरचा २०१२ चा कायदा मिळकतीचा निम्मा भाग मुलाबाळांसाठी राखून ठेवतो. हयातीत दिलेली देणगी उरलेल्या निम्म्यापेक्षा जास्त झाली, तर देणाऱ्याच्या पश्चात वारस इन्व्हेंटरीच्या, म्हणजे वारसांत मिळकत वाटण्याच्या, दाव्यात ती कमी करून मागू शकतात. तोवर न्यासाने तो पैसा गावोगाव वाटलेला असतो. म्हणून प्रत्येक भावंडाने आपल्या एकूण मिळकतीचा ताळा गोव्यातल्याच, वारसाहक्काचे काम करणाऱ्या वकिलाकडून करून घ्यावा. मुंबई-पुण्याचा उत्तम वकीलसुद्धा इथे फसतो, कारण तिथे हा नियमच नाही.

आता लिस्बनचा भाऊ. त्याचा पासपोर्ट भारतीय असेल आणि तो आपल्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवणार असेल, तर ती विदेशी देणगी ठरत नाही. पण त्याने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारे) हातात असले तरी कायद्याच्या नजरेत तो विदेशी स्रोत आहे. पैसे म्हापशाच्या शाखेतून रुपयांत दिले तरी त्यात बदल होत नाही. त्यासाठी एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी नियमन कायद्याखालची, नोंदणी लागते आणि नोंदणीसाठी संस्थेला किमान तीन वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात, शिवाय त्या तीन वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले असावे लागतात. एवढे करूनही २०२० च्या दुरुस्तीने विदेशी पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवायला पूर्ण बंदी घातली आहे. म्हणजे तुमच्यासारख्या, दुसऱ्यांना पैसे देणाऱ्या न्यासाला एफसीआरएचा उपयोग जवळजवळ नाही. भावाचा पासपोर्ट विदेशी असेल, तर त्याला विश्वस्त करू नका आणि त्याचा पैसाही घेऊ नका. त्याचा वेळ घ्या, अर्ज वाचायला द्या, डिसेंबरात घरी येईल तेव्हा कामे पाहायला घेऊन जा.

न्यास, सोसायटी की कंपनी

तुमच्या कामाला न्यास पुरेसा आहे. सोसायटीला किमान सात सभासद आणि निवडणुका लागतात, त्यात कुटुंबाचा हेतू दोन-तीन फेऱ्यांत हातचा जाऊ शकतो. कलम ८ ची (कंपनी कायद्यातली ना-नफा) कंपनी शिस्तीला चांगली, पण वर्षभराचे कागद दोन कोटींच्या मानाने जास्त. महाराष्ट्रासारखा धर्मादाय आयुक्त गोव्यात नाही. न्यासपत्र सबरजिस्ट्रारकडे नोंदवायचे. वरून देखरेख कमी असते, त्यामुळे न्यासपत्रातच ती घालावी लागते.

न्यासपत्रात काय हवे ते सांगतो. विश्वस्त पाच ठेवा: दोन कुटुंबातले, तीन बाहेरचे. बाहेरच्यांत एक हिशेब जाणणारा, एक गावपातळीवर आरोग्याचे काम केलेली स्त्री, एक शेती किंवा जंगल कळणारा. मुदत चार वर्षांची, एकदाच वाढवता येईल अशी. विश्वस्ताच्या नातेवाइकाला, त्याच्या कंपनीला किंवा त्याच्या जमिनीला न्यासाचा पैसा जाणार नाही असे स्पष्ट वाक्य घाला, कारण अशा रकमेवर आयकरातली सवलत मिळत नाही. लाभ एका जातीला किंवा एका धर्माला मर्यादित ठेवू नका. देवराईला मदत करताना हा मुद्दा परत येणार आहे. दुसऱ्या संस्थेला देणगी देणे आणि न्यासाने स्वतः खर्च करणे, हे दोन्ही अधिकार लिहा. मूळ निधी खर्च करण्याचा अधिकारही लिहून ठेवा. नमुन्याच्या न्यासपत्रांत तो बहुधा नसतो.

तीन विषय एकत्र सांभाळणारी प्रतिष्ठाने जगात आहेत. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचे सहसंस्थापक डेव्हिड पॅकार्ड आणि त्यांच्या पत्नीने १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात काढलेले प्रतिष्ठान प्रजनन आरोग्य आणि निसर्गजतन यांना पैसे देते आणि त्याशिवाय आपल्या परिसरातल्या काउंट्यांसाठी (जिल्ह्यांसाठी) वेगळा विभाग चालवते. पॅकार्ड जन्मले ते कोलोराडोतले प्वेब्लो गावही त्यात धरलेले होते. यातून घेण्यासारखी गोष्ट ही, की आपल्या गावासाठी वेगळा, ठरलेला वाटा ठेवावा. तो वेगळा नसेल तर प्रत्येक बैठकीत गावचा अर्ज जिंकतो आणि बाकी दोन विषय कागदावरच राहतात. वर्षाच्या रकमेचा चौथा हिस्सा गावाला, तो खर्च झाला की त्या वर्षापुरता विषय संपला, असे ठरवून टाका.

पैसे घालण्याचा क्रम आणि गणित

न्यास नोंदवताना फक्त दहा-अकरा हजार रुपये घाला. मग पॅन आणि बँक खाते काढा, त्यानंतर आयकर खात्याची नोंदणी. लोक तिला अजून ‘१२ए’ (न्यासाची करमाफी) आणि ‘८०जी’ (देणगीदाराची वजावट) म्हणतात. २०२५ चा नवा आयकर कायदा एप्रिल २०२६ पासून लागू झाला आहे आणि कलमांचे आकडे बदलले आहेत, हे सीएशी बोलताना लक्षात असू द्या. पहिली नोंदणी तात्पुरती, तीन वर्षांची मिळते. ती हातात आल्यावरच मोठी रक्कम हलवा.

ती रक्कम देताना प्रत्येक देणगीदाराने सहीचे पत्र द्यायचे: ‘ही देणगी न्यासाच्या मूळ निधीसाठी आहे.’ हे पत्र नसेल तर दोन कोटी त्या वर्षाचे उत्पन्न धरले जातात आणि उत्पन्नातले किमान ८५ टक्के, म्हणजे १ कोटी ७० लाख, धर्मादाय कामावर खर्च करण्याची जबाबदारी अंगावर येते. हा निधी वेगळ्या खात्यात, वेगळ्या ठेवींत ठेवा. बँकेच्या ठेवी, सरकारी रोखे, म्युच्युअल फंडाची युनिट्स चालतात. कुटुंबाच्या धंद्याला उसने देणे अजिबात चालत नाही. ८०जीच्या वजावटीवर फार भिस्त ठेवू नका, नव्या करप्रणालीत ती मिळत नाही.

समजा ७ टक्क्यांनी वर्षाला १४ लाख व्याज आले. त्यातले ८५ टक्के, ११ लाख ९० हजार, कामाला लागले पाहिजेत. इथे एक बारीक नियम आहे, तो बहुतेकांना उशिरा कळतो. तुम्ही दुसऱ्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला दिलेल्या रकमेपैकी फक्त ८५ टक्केच खर्च म्हणून धरले जातात. सगळा पैसा संस्थांना दिला, तर ११ लाख ९० हजारांचा आकडा गाठायला पूर्ण १४ लाख द्यावे लागतात आणि ऑडिटला, पेट्रोलला काही उरत नाही. उलट न्यासाने स्वतः मजुरी दिली, सुताराचे बिल भरले, बियाणे घेऊन दिले, तर तो खर्च पूर्ण धरला जातो. गोव्याच्या दृष्टीने हे सोयीचेच आहे. खाजनाची कुळांची संघटना किंवा गावचे मंडळ यांच्याकडे आयकराची नोंदणी नसते. त्यांना पैसे न देता त्यांच्या कामाची बिले थेट भरा. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देऊ नका, तो खर्च नामंजूर होतो. मजुरांच्या टोळीचा मुकादम सगळी रक्कम रोख मागतो तेव्हा हा नियम हमखास मोडला जातो.

आणखी एक निर्णय पहिल्याच बैठकीत घ्या: न्यास कायमचा, की ठरावीक वर्षांचा? व्याज सगळे वाटले तर महागाई मूळ निधी कुरतडत राहते. पंचवीस वर्षांनी दोन कोटी कागदावर दोन कोटीच असतील, पण त्यात आजच्या निम्मेही काम होणार नाही. तोच निधी १५ वर्षांत व्याजासह संपवायचा ठरवला, तर ७ टक्क्यांच्या हिशेबाने दरवर्षी सुमारे २२ लाख हाताशी येतात. माझे मत दुसऱ्या पर्यायाकडे झुकते. खाजने आज पडीक होत आहेत आणि देवरायांचे पाणी आज तुटते आहे. १५ वर्षे भरपूर आणि सलग दिलेला पैसा शंभर वर्षांच्या थेंबांपेक्षा जास्त वाचवील.

लोकसंख्या: गोव्यात याचा अर्थ वेगळा

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्याचा प्रजनन दर (एका स्त्रीमागे सरासरी मुले) १.३ आला. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतो. म्हणजे ‘जन्म कमी करा’ हे काम इथे नाहीच. काम आहे ते बांधकामावर, मासेमारीच्या जेटीवर, औद्योगिक वसाहतीत आलेल्या कुटुंबांच्या बाजूने: गर्भारपणातल्या तपासण्या, पाळणा लांबवण्याची साधने बाईला तिच्या मर्जीने मिळणे, किशोरवयीन मुलींना माहिती. आरोग्य केंद्र असते, पण ते सकाळी उघडते आणि बाईचा रोज बुडतो. म्हणून संध्याकाळचे शिबिर, केंद्रापर्यंतची रिक्षा, कन्नड आणि हिंदी बोलणारी आरोग्यसेविका, अशा साध्या खर्चांना पैसे द्या. एक अट कडक ठेवा: शस्त्रक्रियांचे किंवा साधनांचे लक्ष्य नको आणि त्यासाठी बक्षीस नको. लोकसंख्येवरच्या १९९४ च्या कैरो परिषदेनंतर भारतानेही १९९६ मध्ये लक्ष्यांची पद्धत सोडली. आकडा मागितला की कुणीतरी तो गरीब बाईच्या अंगावरून पुरा करतो. अहवालात किती जणींनी स्वतःहून विचारले आणि किती जणी दुसऱ्यांदा आल्या, तेवढे विचारा.

खाजन: कमी पैशांत सर्वाधिक काम

खाजन म्हणजे भरतीच्या पातळीखालची शेते, मातीच्या बांधाने खाऱ्या पाण्यापासून राखलेली. बांधात मानस असते. तिची लाकडी दारे भरतीला बाहेरच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. यंत्र नाही, वीज नाही. दाराची खालची कड कुजली किंवा बिजागरी वाकली की बोटभर फट राहते आणि दर भरतीला खारे पाणी आत शिरते. मातीची क्षारता ३ डेसिसिमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की साध्या भाताचे पीक घटू लागते. कोरगुट हे इथले जुने भात त्याहून बरेच सोसते, म्हणून ते इथे टिकले.

मोठे भगदाड बुजवणे तुमच्या न्यासाचे काम नव्हे. त्यासाठी कृषी खात्याचा मृदसंधारण विभाग आहे आणि खर्चही तुमच्या आवाक्याबाहेरचा. तुमचा पैसा भगदाड पडू नये म्हणून लावा. मानशीची दारे बदलणे, खेकड्यांनी आणि उंदरांनी पोखरलेली भोके बुजवणे, वर्षातून दोनदा बांधावरून चालत जाऊन पाहणी करणाऱ्या दोन माणसांची मजुरी, क्षारता मोजायचे हातातले मीटर, कोरगुटचे किंवा भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या (आयसीएआर) ओल्ड गोव्याच्या संस्थेने काढलेल्या क्षारसोशिक ‘गोवा धान’ वाणांचे बियाणे.

काम कसे व्हावे हेही तुम्हाला ठाऊक हवे, म्हणजे अंदाजपत्रक वाचता येईल. बांधाची डागडुजी भांगाच्या दिवसांत करायची, अष्टमीच्या आसपास, भरती लहान असते तेव्हा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओली माती वाहून जाते. चिकण माती पंधरा-वीस सेंटिमीटरचे थर देत, प्रत्येक थर चोपून घालायची. एकदम ढीग टाकला की वरून घट्ट दिसतो आणि आत पोकळ राहतो. माती बांधाच्या पायथ्यालगत उकरायची नाही. जेसीबीवाला तिथेच खणतो, कारण त्याला हात लांबवावा लागत नाही, आणि पुढच्या पावसात बांध त्या खड्ड्यात बसतो. जानेवारी ते एप्रिल काम, मे महिना माती बसायला. ‘मेअखेर पूर्ण’ असे अर्जात दिसले तर महिना मागे घ्यायला सांगा. काँक्रीटच्या भिंतीची मागणी आली तर नाही म्हणा. मऊ चिखलावर ती असमान बसते, तडकते, आणि पाणी खालून वाट काढते.

खाजनातला खरा तिढा पाण्यापेक्षा पैशाचा आहे. मानशीतल्या मासेमारीचा दरवर्षी लिलाव होतो. लिलाव घेणाऱ्याला मासे आणि कोळंबी हवी, म्हणजे खारे पाणी आत हवे. त्यामुळे रात्री दाराला लाकूड लावून ते उघडे धरले जाते आणि पाण्याच्या जोराने मानशीची बाजू झिजते. कुळांच्या संघटनेला (१९७५ च्या नियमांखाली बांधांची संयुक्त जबाबदारी तिचीच आहे) मदत देण्याआधी तिच्याकडून तीन कागद मागा: चालू कार्यकारिणी कोणती आणि निवडणूक कधी झाली, लिलावाच्या अटी, आणि लिलावाचे पैसे गेल्या तीन वर्षांत बांधावर किती खर्च झाले. तिसऱ्या कागदावर शून्य असेल, तर तुमचे पैसेही तिथे टिकणार नाहीत. त्या वेळी अट घाला: लिलावाच्या रकमेचा ठरलेला हिस्सा बांधासाठी वेगळ्या खात्यात, आणि दाराला लाकूड लावल्यास करार रद्द. संघटना तयार झाली तर न्यासाने तितकीच रक्कम आपल्याकडून घालावी.

शेते पडून राहिलेल्या खाजनात खारफुटी वाढलेली असते. ती तोडायला वनखात्याची परवानगी लागते, आणि ‘साफसफाई’ या नावाने आलेला खर्च बहुधा तीच तोड असते. अशा ओळीला पैसे देऊ नका. बांधाच्या बाहेरच्या, खाडीकडच्या अंगाची खारफुटी तर बांधाचे रक्षणच करते.

देवराई आणि सडा

सत्तरीत नानोड्याजवळ बांबरची निरंकाराची राय आहे, जायफळाच्या कुळातल्या रानझाडांचे गोड्या पाण्याचे दलदली जंगल. झाडे पाण्यात उभी असतात आणि मुळे गुडघ्यासारखी वाकून हवेसाठी वर येतात. पश्चिम घाटात अशा जागा मोजक्याच उरल्या आहेत. अशा रायीला कुऱ्हाडीपेक्षा जास्त भीती पाणी तुटण्याची. वरच्या बाजूला बागायतीला वळवलेला पाट, वाटेवर बसवलेले पेव्हर, देवळाभोवतीची भिंत: यातल्या कशानेही ओहोळ एक-दोन हात सरकला की झाडे वाळायला लागतात. नवी रोपे करायची तर बी ताजेच लावावे लागते. उन्हात वाळवून ठेवलेले बी काही दिवसांत मरते. म्हणून रोपवाटिकेचा अर्ज आला की पहिला प्रश्न विचारा: फळे कधी पडतात आणि त्या आठवड्यात बी गोळा करायला कोण असेल? याचे उत्तर देता आले तर माणूस रायीत फिरलेला आहे.

देवराईची जमीन कधी देवस्थानची, कधी कोमुनिदादची (गावकऱ्यांच्या जुन्या सामाईक जमीन-संस्थेची), कधी वनखात्याची आणि कधी खासगी असते. फॉर्म एक-चौदा (सातबाऱ्यासारखा जमिनीचा उतारा) आणि सर्व्हेचा नकाशा पाहिल्याशिवाय बोलणे पुढे नेऊ नका. देवस्थान असेल तर महाजनांचा (देवस्थानच्या वंशपरंपरागत सभासदांचा) ठराव, कोमुनिदाद असेल तर तिची मंजुरी, वनखाते असेल तर लेखी परवानगी. मानपानावरून दोन गट असतील तर दोघांच्याही सह्या. काम ‘जलस्रोत व जैवविविधता’ म्हणून लिहा आणि खरोखर तेवढेच करा. सभामंडपाची फरशी त्यात बसत नाही.

सड्यांवर झाडे लावायला एक रुपयाही देऊ नका. जांभ्याच्या उघड्या पठारावर पावसाळ्यात गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू अशा कितीतरी वनस्पती येतात. खड्डे खणून तिथे अकेशिया लावली की त्या कायमच्या जातात. वृक्षारोपणाचे अर्ज तुमच्याकडे सर्वांत जास्त येतील. त्यांना तीन वर्षांची राखण, पाणी आणि जगलेल्या रोपांची मोजणी विचारली की बहुतेक परत येत नाहीत.

मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे कासवांची अंडी वनखाते राखते. तिथे उणीव आहे ती अंधाराची. किनाऱ्यावरच्या शॅकच्या दिव्यांना खाली वळणारी झाकणे बसवणे, हा लहान आणि नेमका खर्च आहे.

अर्ज, भेट, हप्ते

अर्ज दोन पानांचा, मराठीत किंवा कोकणीत. त्यात पाच गोष्टी पुरेत: जागा आणि सर्व्हे क्रमांक, मालक कोण व त्याची लेखी संमती, काम महिन्यांनुसार, खर्च, आणि तुमचा पैसा संपल्यावर हे कोण सांभाळणार. किनाऱ्यालगतचे काम असेल तर सीआरझेडची (किनारपट्टी नियमन क्षेत्राची) परवानगी लागते का, हे किनारी व्यवस्थापन प्राधिकरणाकडून लेखी विचारून घ्यायला सांगा. पंचायतीच्या जैवविविधता समितीच्या नोंदवहीत ती जागा आहे का तेही पाहा. नसेल तर ती नोंद करून घेणे हाच कामाचा पहिला भाग ठेवा, कारण पुढे जमिनीचा वापर बदलायची वेळ आली की हाच कागद उपयोगी पडतो.

अर्ज जुलै-ऑगस्टमध्ये घ्या आणि जागा भर पावसात पाहा. पाणी कुठून येते आणि कुठे अडते ते उन्हाळ्यात दिसत नाही. खाजन मात्र उधाणाच्या दिवशी, भरतीच्या वेळी पाहा: मानशीच्या दाराशी दहा मिनिटे उभे राहिलात तर फट कुठे आहे ते पाणीच दाखवते. निर्णय ऑक्टोबरात, पहिला हप्ता नोव्हेंबरात, म्हणजे सुतार आणि लाकूड वेळेत ठरते.

हप्ते ४०, ४० आणि २० टक्के ठेवा. दुसरा हप्ता बिले आणि फोटो पाहून द्या. शेवटचे २० टक्के पावसाळा उलटल्यावर, काम टिकले का ते पाहून. मंडळांना हे आवडत नाही, तरी पावसाआधी सगळे पैसे देऊन टाकले की ऑगस्टात फुटलेल्या बांधावर कुणी जात नाही. फोटो दर वेळी एकाच खुणेवरून काढायला सांगा. खाजनात क्षारतेची नोंद पंधरवड्यातून एकदा, त्याच शेतात, त्याच वेळी. पहिल्या दोन वर्षांत एका कामाला ५० हजार ते दोन लाख यापलीकडे जाऊ नका, पण काम नीट झाले तर त्याच गटाला पाच वर्षे सलग द्या. खर्चात मजुरी मोठी दिसली तर घाबरू नका, राखणीचे काम माणसेच करतात. फलक, उद्घाटन, टी-शर्ट यांना मात्र पूर्ण बंदी.

या वेळापत्रकात एक अडचण आहे. तुमचे काम जानेवारी ते एप्रिल चालते आणि आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. शेवटची बिले एप्रिलात येतील, आणि शेवटचे २० टक्के तर पुढच्या ऑक्टोबरात. पैसे देण्याचे नुसते वचन खर्चात धरले जात नाही, प्रत्यक्ष दिलेलीच रक्कम धरतात. म्हणून फेब्रुवारीच्या बैठकीत वर्षभराचा आकडा मांडा. ८५ टक्के गाठत नसतील तर ठरावीक कामासाठी रक्कम राखून ठेवण्याची तरतूद आहे, पाच वर्षांपर्यंत. त्यासाठी विश्वस्तांचा ठराव करून विहित अर्ज मुदतीत भरावा लागतो, आणि ठरावात काम नावानिशी लिहावे लागते. ‘न्यासाची उद्दिष्टे’ असे मोघम लिहिले तर कर आकारला जाऊ शकतो. अर्ज कोणी भरायचा, सीएने की हिशेब पाहणाऱ्या विश्वस्ताने, ते त्याच बैठकीच्या इतिवृत्तात नावासह नोंदवा.